शूटिंगले जाऊ का भाऊ?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विशेषतः ज्यांच्या घरी अठरा-वीस वर्षांचा पोरगा मोबाईल हातात घेऊन बसला आहे, त्यांनी तर नक्कीच.

गेल्या पंधरवड्यापासून आपल्या कोरपना, गडचांदूर, जिवती भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. हैदराबादला मोठ्या बजेटच्या पिक्चरसाठी मुलं पाहिजेत. अनुभवाची गरज नाही. रोजचे ८०० रुपये, जेवण फ्री, राहणं फ्री, गाडी गावातून सुटेल. खाली एक नंबर. बस्स. कंपनीचं नाव नाही, पिक्चरचं नाव नाही, पाठवणाऱ्याचंही नाव नाही.

मला आतापर्यंत नऊ पोरांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, तू गेलता न? शूटिंगले जाऊ का?"

हो, मी गेलो होतो. आजपर्यंत याच्यावर कधी लिहिलं नाही, कारण त्यातली अर्धी गोष्ट गमतीची आहे आणि अर्धी सांगायला लाज वाटते अशी आहे. पण नऊ जणांना फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

२०२२ चा पावसाळा आठवत असेल. जुलै-ऑगस्टमध्ये वर्धा आणि पैनगंगा दोन्ही नद्या फुगल्या होत्या. आमची अडीच एकर पऱ्हाटी पाण्याखाली गेली. पाणी उतरलं तेव्हा वावरात फक्त गाळ आणि काळ्या पडलेल्या काड्या. पंचनामा झाला, पण पंचनाम्यानं चूल पेटत नाही. बी.ए. झालेलं होतं, तलाठी भरतीचा अभ्यास चालू होता, म्हणजे खरं तर चालू आहे असं घरी सांगत होतो. सप्टेंबरात मी आणि माझा जिवती तालुक्यातला मित्र आदिलाबादवरून हैदराबादच्या बसमध्ये बसलो.

या मित्राची एक गंमत सांगतो, पुढे कामाला येईल. तो त्या १४ गावांपैकी एका गावचा, ज्यांच्यावर महाराष्ट्र म्हणतो आमची आणि तेलंगणा म्हणतो आमची. त्याच्या घरी दोन राज्यांची दोन रेशनकार्डं. गावात दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू. तो नेहमी म्हणायचा, "आपलं नाव दोन-दोन ठिकाणी हाये बाप्पा, आपण हरवूच शकत नाई."

हैदराबादला आधी दोन महिने बांधकामावर होतो. सेंटरिंगचं काम. मग कुणीतरी सांगितलं की कृष्णानगरला जा, तिथं सकाळी पिक्चरसाठी माणसं उचलतात. कृष्णानगर म्हणजे तिकडच्या सिनेमावाल्या गरिबांची वस्ती. हिरो व्हायला आलेले, लेखक व्हायला आलेले, आणि काहीच न झालेले, सगळे तिथं. आपल्याकडं मजुरांच्या ठिय्यावर सकाळी जशी माणसं डबा घेऊन उभी राहतात, तसंच. फरक एवढाच की तिथं लोक केस विंचरून उभे राहतात.

आम्हाला एक को-ऑर्डिनेटर भेटला. को-ऑर्डिनेटर म्हणजे आपल्या भाषेत ठेकेदार, मुकादम. त्यानं आम्हाला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, चालेल, असेच पाहिजेत. मला बरं वाटलं. नंतर कळलं की 'असेच' म्हणजे काळपट, वाळलेले, उन्हात भाजलेले.

पिक्चर कोणता ते विचारू नका, सांगणार नाही. 'कल्की' होता का म्हणून सगळे विचारतात. नाही, तो नव्हता. पण जात तीच. भविष्यकाळातली गोष्ट. जग संपलेलं, पाणी आटलेलं, श्रीमंत लोक एका उंच भिंतीआड राहतात आणि बाकीची जनता बाहेर धुळीत. आम्ही बाकीची जनता.

पहाटे चारला बस. पाचला रांगेत उभं राहून मेकअप. मेकअप म्हणजे काय, तर एक माणूस बादलीतली मुलतानी माती तोंडावर, केसात, कपड्यावर फासायचा. वर फाटके गोणपाटासारखे कपडे आणि तोंडाला रबरी नळीचा एक मास्क, कारण भविष्यात हवा विषारी झालेली असते म्हणे. फोनवर आईला हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ हसत होती. म्हणाली, "अरे बाबू, धूळच लावून घ्याची होती त तिकडं कायले गेला? इथं फुकट भेटते."

गडचांदूर रोडनं ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना आईचा विनोद वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

शूटिंगचं काम असं. समोर सगळीकडं निळा कपडा ताणलेला. एक पोरगा लांब बांबूला लाल फडकं बांधून उभा. ते फडकं म्हणजे आकाशातून येणारं विमान, म्हणजे अंतराळयान. असिस्टंट भोंग्यावरून ओरडायचा, "पैकी चूडंडी!" म्हणजे वर बघा. आपल्या सीमेवरच्या माणसाला एवढी तेलुगू येतेच. आम्ही वर बघायचो. वर काहीच नसायचं. तरी घाबरायचं, आणि पळायचं. परत जागेवर यायचं, परत वर बघायचं, परत घाबरायचं. एका दिवसात एकवीस वेळा मी त्या फडक्याला घाबरलेलो आहे. बाविसाव्या वेळी मित्र म्हणाला, "बे, आता त मले खरंच भेव वाटून रायलं, रातभर असंच चालते का काय."

जेवणाच्या तीन रांगा. कलाकारांची वेगळी, तंत्रज्ञांची वेगळी, आमची वेगळी. तिथं कुणी आम्हाला जूनियर आर्टिस्ट म्हणायचं नाही. 'मास' म्हणायचे. मासला बोलवा. मास इकडं घ्या. मास कमी पडतोय.

आम्ही महाराष्ट्रातले चौदा जण होतो. हजेरीच्या कागदावर चौदा नावं नव्हती. 'एमएच - १४' एवढंच लिहिलेलं. मी को-ऑर्डिनेटरला हसत म्हटलं, अण्णा, एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवडची गाडी, आम्ही एमएच-३४ चे. त्याला काही कळलं नाही. संध्याकाळी व्हाउचरवर सही घेतली, त्यावर रकमेची जागा कोरी. ८०० ठरले होते, हातात ५०० आले. बाकीचे कुठं गेले? गाडीभाडं, कॉस्च्युम धुलाई, कमिशन. मोबाईल सकाळीच जमा करून घ्यायचे, कारण सेटचा फोटो बाहेर जाता कामा नये. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण काहीतरी मोठ्या गुपित कामात आहोत असं वाटायचं.

आता लाजेचा भाग.

जानेवारीत एका मोठ्या रात्रीच्या सीनसाठी अजून माणसं पाहिजे होती. को-ऑर्डिनेटर म्हणाला, गावाकडून आण, माणसी पन्नास रुपये रोज तुला. मी सहा पोरं आणली. आपल्याच तालुक्यातली. जो मेसेज आज तुमच्या ग्रुपवर फिरतो आहे ना, जवळपास तसाच मेसेज तेव्हा मी टाकला होता. पंधरा दिवस, सहा पोरं, पन्नास रुपये. साडेचार हजार. हिशेब तोंडपाठ आहे, कारण तो पैसा मला अजून टोचतो.

त्या सहांपैकी एक तेव्हा एकोणीस वर्षांचा. बारावी झालेला, भरतीसाठी रोज सकाळी धावायचा. पोलीस भरतीत आपलं नक्की होणार, असं त्याला वाटायचं आणि त्याचं धावणं पाहून आम्हालाही वाटायचं. असिस्टंटनंसुद्धा त्याला हेरलं होतं, हा चांगला पळतो, याला पुढं ठेवा. पाचव्या की सहाव्या रात्री, पडलेल्या शहराचा सेट होता, खाली लाकडी फळ्या आणि त्यावर थर्माकोलचे दगड. पळता पळता त्याचा पाय दोन फळ्यांच्या मध्ये गेला. घोटा मोडला. आवाज मी ऐकला. मास्कमुळं त्याचं ओरडणं नीट ऐकू आलं नाही, हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला.

को-ऑर्डिनेटरनं पट्टी बांधून आणली, तीन हजार रुपये दिले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बसमध्ये बसवून दिलं. पुढं इकडं ऑपरेशन झालं, प्लेट टाकली. माझे साडेचार हजार मी त्यात घातले. ते काही दान नव्हतं, त्याच्याच पळण्याचे पैसे होते ते.

पोलीस भरती संपली. तो आता चालतो, लंगडत. थंडीत पाय दुखतो.

मग मी एका कार्यालयात गेलो. नाव नाही लिहीत, साहेब चांगलेच होते, चहा पाजला. त्यांनी विचारलं, हा मुलगा त्या दिवशी त्या ठिकाणी कामावर होता याचा पुरावा काय? हजेरीपत्रक? आमच्याकडं नाही. त्यांच्याकडं असेल तर त्यावर लिहिलं आहे 'एमएच - १४', आणि तो तर नंतर आलेल्या सहांपैकी, म्हणजे तितकंही नाही. करारपत्र? नाही. बँकेत जमा झालेली मजुरी? नाही, रोख. फोटो? मोबाईल जमा होते. नेमणारा कोण? को-ऑर्डिनेटर. त्याचं पूर्ण नाव? आम्ही त्याला अण्णा म्हणायचो.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, "मग मी कुणावर लिहू?"

पिक्चर आला दीड वर्षानंतर. थेटरात आम्ही गेलो नाही. मोबाईलवर आला तेव्हा मी त्या पोराच्या घरी गेलो. माझ्या डोक्यात एकच होतं, पुरावा. पिक्चरमध्ये हा दिसला, तोंड ओळखू आलं, तर निदान दाखवता येईल की बघा, हा तिथं होता. दोघं खाटेवर बसून एक-एक सेकंद थांबवत पाहत होतो. त्याची आई चुलीपाशी बसून आमच्याकडं पाहत होती.

आणि तो दिसला. त्याची धावण्याची ढब मी कुठंही ओळखीन. दोन सेकंद. पण तोंडावर तो रबरी मास्क.

पुन्हा मागं घेऊन पाहिलं तेव्हा त्यालाच काहीतरी दिसलं. म्हणाला, "भाऊ, थांब. हा बी मीच हाये." त्याच फ्रेममध्ये, डावीकडं, जरा मागं, तोच. तीच धाव, तोच वाकलेला खांदा. आणि पार मागं धुरात आणखी एक. आम्ही दीड-दोनशे माणसं होतो, पडद्यावर हजारो होती. आमच्याच कापून-जोडून हजारो केलेल्या.

तो हसला. म्हणाला, "मी तीन झालो राजा, पैसे एकाचेच भेटले."

त्याच्या आईला विनोद कळला नाही. ती म्हणाली, "एकाचे तरी कुठं पूर्ण भेटले?"

शेवटी नावांची पाटी आली. सहा-सात मिनिटं नावं सरकत होती. कॉम्प्युटरवर काम करणारे शेकडो. जेवण देणारे. गाड्या चालवणारे. जनरेटरवाले. सगळ्यांची नावं असावीतच, त्यांनी काम केलंय. आमचं नव्हतं. मी शेवटपर्यंत पाहिलं, कारण कुठंतरी 'आणि कोरपन्याची मंडळी' असं असेल अशी वेडी आशा होती. ज्या मित्राचं नाव दोन राज्यांत आहे, त्याचं तिसरीकडं शून्य निघालं.

आता नीट बोलू. पडद्यावर नाव नाही, ही माझी तक्रार नाही. जगभर गर्दीतल्या माणसांची नावं लिहीत नाहीत. 'गांधी' पिक्चरमधल्या अंत्ययात्रेच्या सीनसाठी ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत राजपथावर तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. तीन लाख नावं कोण लिहिणार? बर्लिनमध्ये १९२५-२६ साली 'मेट्रोपोलिस' नावाचा मुका पिक्चर तयार होत होता, अशा भविष्यकाळाच्या पिक्चरांचा तो आजोबाच. त्यातही वर श्रीमंतांचं शहर आणि खाली राबणारे मजूर. पुराच्या सीनसाठी त्यांनी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो पोरं आणून गार पाण्यात उभी केली होती. दक्षिण आफ्रिकेतला 'डिस्ट्रिक्ट ९' हा २००९ चा पिक्चर. परग्रहावरून आलेल्यांना झोपडपट्टीत कोंडलंय आणि तिथूनही हुसकावतायत, अशी गोष्ट. ते शूटिंग सोवेटोमधल्या खऱ्या झोपड्यांत झालं, जिथल्या खऱ्या माणसांना तेव्हा खरोखरच हलवलं जात होतं.

म्हणजे बघा, भविष्यातली गरिबी दाखवायला सिनेमावाल्यांना आजचे गरीब लागतात. सेट बांधतात तो श्रीमंतांच्या शहराचा. गरिबांचा भाग बराचसा तयारच मिळतो, माणसांसकट.

आणि आपलीच जुनी गोष्ट. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला कुणी बाई मिळेना. मुंबईतल्या एका हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना त्यांनी उभं केलं. आज शंभर वर्षांनंतरही आपल्याला तो स्वयंपाकी नावानिशी माहीत आहे. म्हणजे नाव ठेवायचं ठरवलं तर राहतं.

पण मला जे नाव पाहिजे होतं ते वेगळं. पडद्यावरचं नाव मान देतं. हजेरीवरचं नाव हक्क देतं. मान नाही मिळाला तर माणूस घरी येऊन हसतो. हक्क नाही मिळाला तर माणूस लंगडत घरी येतो आणि त्याला विचारतात, तू तिथं होतास कशावरून?

हे मला नवीन नव्हतं, हे लक्षात यायला मात्र उशीर लागला. माझे बाबा एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पोती भरत होते. अठरा वर्षं. ठेकेदार बदलत राहिले, बाबा तिथंच. गेटपासवर दर दोन-तीन वर्षांनी नवीन ठेकेदाराचं नाव. बाबा गेले तेव्हा पीएफचं काय म्हणून विचारायला गेलो, तर एका ठेकेदाराकडं अकरा महिने सापडले, दुसऱ्याकडं सात. बाकीची सोळा-साडेसोळा वर्षं बाबा तिथं नव्हतेच, कागदाप्रमाणं. तेव्हा माझे बाबाही एक प्रकारचे मासच होते. जी सिमेंटची पोती त्यांनी भरली, ती कुठल्या कुठल्या शहरात इमारती होऊन उभी असतील. इमारतीवर बिल्डरचं नाव असतं, आर्किटेक्टचं असतं.

आणि मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या बाया-माणसं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती पायी परत आली. कोण कुठं किती गेलंय, हे सरकारला तेव्हा कळलं, जेव्हा ती रस्त्यावर दिसली. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या वावरातून चालत येताना घराजवळ येऊन मेली. कुठल्या नोंदवहीत होती ती, जाताना?

कायदे नाहीत असं नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. ठेकेदारानं प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, येण्या-जाण्याचं भाडं द्यावं, असं त्यात होतं. तुमच्यापैकी कुणी ते पासबुक पाहिलंय? मी नाही पाहिलं. सिनेमातल्या कामगारांसाठी १९८१ चा वेगळा कायदा होता, लेखी करार केल्याशिवाय कामाला लावू नये म्हणून. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यात गेले. नव्या संहितेतही नियुक्तीपत्र द्यायचं आहे, आणि सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्यांची नोंद 'दृकश्राव्य कामगार' म्हणून आहे. कायद्याचं पान बदललं. आपल्याला ते दाखवायला सांगता आलं पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

संघटनेची ताकदही मी लांबून पाहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या सिनेकामगारांनी तीस टक्के वाढीसाठी शूटिंग बंद पाडली. अडीच आठवडे. शेवटी साडेबावीस टक्क्यांवर, तेही टप्प्याटप्प्यानं, तडजोड झाली. ज्यांच्याकडं संघटनेचं कार्ड होतं, त्यांना. आम्ही कार्डवाले नव्हतो. खरं सांगायचं तर कार्डवाल्यांपेक्षा स्वस्त म्हणूनच आम्हाला आणलं होतं. हेही समजून घ्या. तिथला गरीब आपल्याकडं रागानं पाहतो तेव्हा त्याचंही काही चुकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हा कळली नाही आणि आज सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. एके दिवशी आम्हाला एका तंबूत नेलं. गोल उभे केलेले पन्नास-साठ कॅमेरे. मध्ये उभं राहायचं, हात पसरायचे, एक क्लिक. मग हसा, ओरडा, घाबरा. पाच मिनिटं. एका इंग्रजी कागदावर सही. आम्हाला वाटलं आयकार्डचा फोटो असेल. ते आमचं पूर्ण माप होतं. आता कॉम्प्युटरमध्ये माझ्यासारखा एक माणूस उभा आहे. त्याला पळवता येतं, पाडता येतं, मारता येतं. त्याला जेवण लागत नाही, बस लागत नाही, त्याचा घोटा मोडत नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये नटांनी ११८ दिवस संप केला, त्यातला एक मुद्दा हाच होता. गर्दीतल्या माणसाचं एकदा माप घेऊन ते पुन्हा-पुन्हा वापरता कामा नये. शेवटी संमती आणि मोबदल्याचे नियम करारात लिहून घेतले त्यांनी. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल माहितीचा कायदा झालाय, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यात आहे की संमती मागताना ती आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय पाहिजे. मराठी त्या यादीत आहे. माझ्या मित्राची गोंडी नाही. म्हणजे कायदा आला तरी त्याला त्याच्या आईच्या भाषेत कुणी विचारणार नाही, की बाबा तुझं तोंड आम्ही वापरू का?

तर मग जाऊ का, या प्रश्नाचं उत्तर.

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. इथं बसून मी तुम्हाला काय देणार आहे? कापसाचा भाव तुम्हालाही माहीत आहे. तिकडं मजाही आहे, खोटं कशाला बोलू. निळ्या कपड्यापुढं उभं राहून नसलेल्या विमानाला घाबरण्यात एक वेगळीच मजा आहे. शहर दिसतं, माणसं दिसतात, तेलुगू सुधारते. पण जायच्या आधी एवढं करा.

नंबरवर फोन करून विचारा, निर्माती कंपनी कोणती, तिचं नाव लिहून पाठवा. पाठवत नसेल तर तो विषय तिथंच संपला. करार मागा, मराठीत समजावून मागा. रोजच्या हजेरीत आधारवर आहे तसं पूर्ण नाव लिहून घ्या. 'एमएच - अमुक' चालणार नाही. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. पैसे खात्यावर किंवा फोनवर घ्या, रोख नको, कारण खात्यातली नोंद हाच उद्याचा साक्षीदार. मोबाईल जमा करायच्या आधी गेटबाहेरचा, बसच्या नंबरचा फोटो घरी पाठवून ठेवा. कॅमेऱ्यांच्या गोलात उभं केलं तर विचारा, हे कशासाठी, कोणत्या पिक्चरपुरतं, आणि याचे वेगळे पैसे किती. ई-श्रमवर नोंद नसेल तर करून घ्या, फुकट आहे, १४४३४ वर माहिती मिळते.

आणि आपल्या गावांसाठी एक मागणी. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद होते, मृत्यूची होते. बाहेर कामाला जाणाऱ्याचीही एक वही असू द्या. कोण गेलं, कुठं गेलं, कोणी नेलं, नेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि नंबर. शंभर पानी वही पुरे. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुम्ही तुमच्या गावात मांडा. त्या वहीत 'नेणारा' म्हणून एक रकाना असेल. २०२३ च्या जानेवारीत अशी वही असती, तर त्या रकान्यात माझं नाव असतं. असायलाच पाहिजे होतं.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी त्या पोराला वाचून दाखवली. त्याच्या परवानगीशिवाय टाकणार नव्हतो. त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "टाक भाऊ. पण माझं नाव नको लिहू. औंदा लग्नाचं पाहून रायले घरचे."

नाही लिहिलं.

मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, कोणत्या गावापर्यंत पोचलाय ते कळेल. आणि जी पोरं ठरवूनच बसली आहेत, त्यांनी निघायच्या आधी मला भेटा. कमिशन घेणार नाही. फक्त नाव लिहून घेईन.